मापाड्याने हळू बोलायचं नसतं

२२ मार्च २०२०, रविवार

संध्याकाळी सगळ्या सोसायटीने थाळ्या वाजवल्या. मी पितळी डबा घेतला आणि तेजलने स्टीलचं ताट. तेजल म्हणजे माझ्या संतोषची मुलगी, नववीत आहे. पोरीने असं ताट बडवलं की कबुतरं उडाली. समोरच्या गॅलरीतून चिमणाबाई ओरडल्या, "अगं तेजल, ताट रिकामं झालं म्हणून बडवतेस का काय?" सगळे हसले. मीही हसलो. चिमणाबाईंचं तोंडच तसं, मनाच्या चांगल्या आहेत, पोहे केले की बशी पाठवतात. तेजल मात्र ताट घेऊन आत गेली. हात दुखले असतील.

ही डायरी द्राक्षाच्या औषधवाल्यांनी फुकट दिलेली. प्रत्येक पानाखाली फवारणीचा सल्ला छापलाय. माझ्याकडे ना बाग, ना पंप. पण बोलायला माणूस नसलं की लिहावं, असं आमची ही म्हणायची. ती गेल्यापासून सुरुवात करीन करीन म्हणत होतो. आज केली.

२५ मार्च, पाडवा

गुढी उभारली. गाठी मिळाली नाही, दुकानं बंद. तेजल म्हणाली, "बरंच झालं आबा, मला चालतच नाही."

संतोष आज येणार होता. मनमाडला रेल्वेत आहे, सूनबाई उज्वला तिथंच दवाखान्यात नर्स. आता गाड्याच बंद, आणि उज्वलाला तर सुट्टीचं नावच काढायला नको. तेजल दिवाळीपासून माझ्याकडे आहे ती उपचारासाठी. पोरीचं वजन फार वाढलंय. इथल्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, शुगर काठावर आहे, झोपेत श्वास अडकतो, पण आत्ता मनावर घेतलं तर सगळं मागे फिरतं. दर शनिवारी तिथं जायचं. वजन, मग जेवणाखाण्याच्या मॅडमशी बोलणं, मग तिच्यासारख्याच पोरापोरींबरोबर मैदानावर खेळ. पहिल्या महिन्यात पाय ओढत यायची. नंतर माझ्याआधी बूट घालून दारात. एकदा रिक्षात म्हणाली, "आबा, तिथं सगळे मला तेजल म्हणतात." मला काही कळलं नाही. तेजलला तेजल नाही तर काय म्हणणार?

२८ मार्च, शनिवार

सकाळी उठून बघतो तर पोरगी ट्रॅकपँट घालून, बुटाच्या नाड्या बांधून सोफ्यावर बसलेली.

"अगं, आज बंद आहे तिथलं."

"माहितेय."

जेवणाच्या वेळेपर्यंत बूट पायातच होते.

दुपारी वैष्णवी मॅडमचा फोन आला. जेवणाखाण्याच्या मॅडम त्याच. म्हणाल्या, घरातल्या घरात चालू दे, गोड नको, आणि दर शनिवारी वजन करून कळवा. "आजोबा, काटा आहे ना घरी?" मला हसू फुटलं. म्हटलं, मॅडम, मापाड्याला विचारता होय!

४ एप्रिल, शनिवार

आज काम केल्यासारखं वाटलं.

मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं वाचन बाजार समितीच्या पाट्यांवर आणि पुडीच्या कागदांवर झालं. जन्मभर मार्केट यार्डात मापाडी होतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, दांडी सरळ झाली की वजन पुकारायचं. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा जुने भंगारात निघाले, त्यातला एक मी मागून आणला. खाली लोखंडी फळी, मागे खांब, वर दांडी, दांडीला अडकवायची वजनं. जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून पडला होता. तीन दिवस घासला, तेल दिलं. आज पार्किंगमध्ये मांडला.

तेजल म्हणाली, "आबा, इथं नको. वर नेऊ ना."

म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर हे धूड कोण नेणार? दोन मिनिटांचं काम."

उभी राहिली. मी दांडी सरळ केली आणि सवयीने पुकारलं. लाऽऽभ! पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग आकडा पुकारला. माझा आवाज अजून खणखणीत आहे. घरात कोंडलेली माणसं गॅलऱ्यांत आलीच होती, पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिमणाबाई म्हणाल्या, "झुंबरभाऊ, यार्डच आणलं की घरी!" मापाड्याने हळू बोलायचं नसतं. हळू बोलला की शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, व्यापाऱ्याच्याही. सगळ्यांनी ऐकलं की कोणाचं नुकसान नाही, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं.

मॅडमना आकडा कळवला. इथंही लिहून ठेवतो. ▇▇▇

११ एप्रिल, शनिवार

तेजल खाली यायला तयार नाही. पोट दुखतंय म्हणते. ओवा दिला.

१८ एप्रिल

आजही पोट दुखतंय. फक्त शनिवारीच दुखतं. काय दुखणं आहे कोण जाणे. बहुतेक आजाराची धास्ती घेतली असेल, खाली माणसं असतात म्हणून. पोरं मनाला लावून घेतात.

२३ एप्रिल

यार्डातल्या ओळखीचा द्राक्षवाला, दिंडोरीचा गेणू टेंपो घेऊन आला, तोंडाला उपरणं बांधून. त्याचा माल परदेशी जायचा, तो बागेतच अडकला. "आबा, पाखरांनी खाण्यापेक्षा तुम्ही खा," म्हणून दोन क्रेट द्राक्षं दारात ठेवून गेला. असा माल मी जन्मात बघितला नव्हता. एकेक मणी लिंबाएवढा.

संतोषला सांगितलं तर फोनवर ओरडला, "आबा, तिला नका देऊ, साखरच आहे ती." अरे, फळ आहे! झाडाचं! पण पोरगी खोलीतून बाहेर येत नाही, बोलत नाही. तिच्यासमोर वाटी ठेवली की निदान माझ्याकडे बघून "थँक्यू आबा" तरी म्हणते. मी चुकतोय हे कळतं मला. काल शिराही केला होता. तिचा चेहरा उतरला की माझ्या हातांना दुसरं काही सुचतच नाही.

३ मे

क्रेट संपले.

१९ मे

घरात दोनच माणसं आणि दोन्ही मुकी. ही असती तर तिने पोरीला बोलतं केलं असतं. मला काय बोलावं सुचत नाही. यार्डात मी शेकडो माणसांत असायचो, पण बोलायचो ते आकडे. आता वाटतं, माणसाशी बोलायचं शिकायचं राहूनच गेलं.

आज विचारलं, "तेजू, मैत्रिणीला फोन कर की."

"कोणत्या?"

मी नाव शोधत बसलो. मला एकही आठवलं नाही.

१७ जून

दहावीचे वर्ग फोनवर सुरू झाले. सगळ्या पोरांची तोंडं चौकटीत दिसतात, तेजलच्या चौकटीत नुसतं काळं. तिच्या बाई दोनदा म्हणाल्या, "तेजल, व्हिडिओ चालू कर." ही म्हणाली, "मॅडम, कॅमेरा बिघडलाय." मला वाईट वाटलं. दुरुस्तीला द्यावा म्हणून तिच्या नकळत फोन घेतला तर माझा फोटो लख्ख निघाला. नाकातले केससुद्धा दिसले. आपोआप दुरुस्त झाला असेल. तिला सांगितलं, तर माझ्या हातून फोन ओढून घेतला आणि दार लावलं.

२४ जून

दुपारी माझा डोळा लागला की हॉलमध्ये पावलं वाजतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आज जागाच होतो. वाटलं, पोरीला भूक लागली असेल, डबे शोधत असेल. म्हणून खाकरलो आणि म्हटलं, "तेजू, चिवडा वरच्या फळीवर आहे गं."

पावलं थांबली. खोलीचं दार लागलं. चिवड्याला हात लागला नाही.

त्यानंतर झोप आली नाही. उगाच खाकरलो असं वाटत राहिलं, का ते कळलं नाही.

२ जुलै

वैष्णवी मॅडमचा फोन. तेजल त्यांचे फोन उचलत नाही म्हणून मला लावला. त्यांच्याकडच्या बऱ्याच पोरांचं असंच झालंय म्हणाल्या. जे कमावलं होतं ते चार महिन्यांत गेलं, खेळ बंद, सवंगडी नाहीत, दिवसभर घरात. "वजन वाढलं असेल तर वाढू दे आजोबा, त्याचं काही नाही. ते उतरवता येतं. फक्त तिने परत यायला हवं. एकदा यायचं सोडलं की ही मुलं पुन्हा येत नाहीत, आणि तिची शुगर थांबणार नाही."

मी तेजलला सांगितलं. ती ताटात बोट फिरवत म्हणाली, "मी नाही जाणार. सुरू झालं तरी."

"का गं? तुला तर आवडायचं तिथं."

"आबा, भात आणखी नको मला."

दुपारी सोफ्यावर झोपली होती. श्वास मधेच थांबतो, मग एकदम घरघर करून सुटतो. तो सुटेपर्यंत माझा अडकतो. पोरगी गेली नाही तर काय करू? उचलून तर नेता येत नाही.

९ जुलै

आज जरा मजा आली. खाली पार्किंगमध्ये सोसायटीची पोरं माझ्या काट्यावर खेळत होती. चिमणाबाईंची नात पिंकी मापाडी झालेली. कमरेवर हात ठेवून माझ्यासारखं "लाऽऽभ!" पुकारत होती. हुबेहूब! आकडे काही नीट ऐकू आले नाहीत, पण आवाजाची ओढ अस्सल मापाड्याची. मला भारी वाटलं. म्हटलं, आपली कला कोणीतरी उचलली. तेजलला म्हटलं, "ये, गॅलरीतून बघ, गंमत आहे." तिने कानात वायरी घातल्या होत्या.

१६ जुलै

अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी दूध आणायला उतरलो. जिन्याच्या वळणावर असतानाच पिंकीचा आवाज आला, "लाऽऽभ!" मी हसत थांबलो, म्हटलं ऐकू पुरतं. मग तिने आकडा पुकारला. तोच. मी एप्रिलमध्ये पुकारलेला, माझ्याच सुरात. फळीवरचं पोरगं गाल फुगवून, हात लांब धरून डुलत होतं आणि बाकीचे हसून लोळत होते. एकजण म्हणाला, "पिंके, परत कर, परत कर."

मी पायरीवर बसलो. पिशवी तिथंच राहिली.

वर आमच्या घराची गॅलरी बरोबर पार्किंगच्या डोक्यावर. किती दिवस चाललाय हा खेळ? मी तर नऊ तारखेला तिला बघायला बोलावत होतो.

पहिल्यांदा वाटलं, खाली जाऊन एकेकाचा कान पिळावा. मग वाटलं, मी ओरडलो की सगळी सोसायटी पुन्हा गॅलरीत येणार. पुन्हा तोच आकडा. माझ्याच आवाजाने.

तिथं सगळे तिला तेजल म्हणतात. हे तिने मला सांगितलं होतं. रिक्षात.

वर आलो आणि डायरीत चार एप्रिलचं पान काढलं. आकडा शाईने गिरवून गिरवून बुजवला. पान फाटायला आलं. डायरीतला बुजला. हवेतला कसा बुजवू?

१७ जुलै

तेजलला सांगावं म्हणून दोनदा दारापर्यंत गेलो. काय सांगू? दोन्ही वेळा विचारलं, "चहा घेतेस का?" दोन्ही वेळा "नको".

१९ जुलै, रविवार

काटा सुटा केला. दांडी काढली, खांब काढला, वजनं पिशवीत भरली. एकेक भाग वर न्यायचा ठरवलं. दांडी नेली, खांब नेला. वजनं दोन खेपांत नेली, दुसऱ्या मजल्यावर बसून घेतलं. मग ती फळी. पूर्वी दोघं धरायचो. मी एकटा उचलायला गेलो आणि ती पायरीवर आदळली. आवाज असा झाला की सगळ्या जिन्याला कळला.

वरून पावलं आली. तेजल. एप्रिलनंतर पहिल्यांदा घराच्या दाराबाहेर.

"आबा! काय चाललंय हे?"

"काटा वर नेतोय."

"कशाला?"

"खाली पावसाने गंजतो."

"पार्किंगमध्ये कुठं येतो पाऊस?"

माझ्याकडे बघत राहिली. मी फळीकडे बघत राहिलो. म्हटलं, "तेजू, त्या दिवशी मी जे मोठ्याने..."

"सरका आबा. कमरेत उसण भरली तर कोण बघणार तुम्हाला?" असं म्हणून तिने फळी उचलली. एकटीने. छातीशी धरून चढायला लागली, मी मागून आधाराला हात धरून, जसा काही उपयोग होता माझ्या हातांचा.

दुसऱ्या मजल्यावर चिमणाबाईंनी दार उघडलंच; त्यांची गॅलरी आमच्यासमोर, पण जिना एकच. "झुंबरभाऊ, आता काय घरात कांदा मोजणार?"

तेजल पायरीवर थबकली. तिची मान खाली गेली. मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, "हो चिमणाबाई. तुम्हीच या, लाभ तुमच्यापासून करू. सोसायटीला बोलावून ठेवतो."

"इश्श, मला कशाला!" दार लागलं.

तेजल पुढे चढली. चेहरा मला दिसत नव्हता. पण तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर म्हणाली, "आबा, त्या आल्या असत्या तर फळी तुटली असती." मग लगेच म्हणाली, "नाही. असं नको बोलायला."

काटा तिच्या खोलीत जोडला. दांडी कशी सरळ करायची ते दाखवलं. वजनं खिडकीखाली मांडली आणि मी बाहेर आलो. तिने दार लावून घेतलं.

२ ऑगस्ट

काट्यावर तिने कपडे टाकलेत. दार उघडं होतं तेव्हा दिसलं.

दुपारी मी आता भिंतीकडे तोंड करून झोपतो. झोप येते असं नाही. थोडं घोरतो, खरं वाटावं म्हणून. मग पावलं सुरू होतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खाकरत नाही. घसा खवखवला तर उशी तोंडाशी धरतो. चार महिने एका घरात कोंडलोय आणि पोरीची सोबत मला अशी मिळते, पाठीमागून.

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सोसायटीचा गणपती नाही यंदा. घरचा बसवला. मोदक केले ते उकडीचे, अगदी थोडे. तेजलने एक घेतला. मी दुसरा पुढे केला नाही. वाटी हातात धरून बसलो. ही असती तर म्हणाली असती, बरे आहात ना तुम्ही?

उज्वलाचा व्हिडिओ फोन आला. तोंडावर मास्कचे वळ. "तेजू, चेहरा दाखव ना गं." तेजलने फोन गणपतीकडे फिरवला. उज्वलाने हात जोडले, आणि जोडलेले हात किती तरी वेळ खाली घेतले नाहीत. तेजल फोनच्या मागे होती. तिचे डोळे मला दिसत होते, तिच्या आईला नाही.

२९ सप्टेंबर

वैष्णवी मॅडमचा फोन. पुढच्या आठवड्यापासून त्यांचं सुरू होतंय, थोडी थोडी मुलं बोलावून. मी फोन तेजलच्या दारात ठेवला, आवाज मोठा करून, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागलो. घासलेलीच होती.

थोड्या वेळाने पाणी बंद केलं तर आतून बोलणं ऐकू आलं. तेजल विचारत होती, "मॅडम, तिथं वजन करताना कोण कोण असतं आता?" पुढचं ऐकलं नाही. नळ पुन्हा सोडला.

३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी चहा घेत होतो. तेजल येऊन उभी राहिली.

"आबा, काटा तेल मागतोय का? दांडी अडकते."

तेल दिलं. काट्यावरचे कपडे घडी करून पलंगावर ठेवलेले होते.

"मॅडमना आज वजन पाठवायचंय," ती म्हणाली. "मी करते. तुम्ही बाहेर बसा."

"बसतो."

"दाराशी नाही. गॅलरीत."

गॅलरीत जाऊन बसलो. पण माझी एक अडचण आहे, ती तिला ठाऊक नाही. वजन दांडीला अडकवताना जो आवाज होतो, त्यावरून मला कळतं कोणतं लावलं. जन्म गेला त्या आवाजात. डोळे मिटले तरी आकडा कानातून आत येतो. आतून पहिला टण् आला आणि मला ते वजन कळलंच.

मग मी धावत आत आलो, फळीवरचा रेडिओ काढला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. सगळी सोसायटी दणाणली. बाजारभाव लागले होते. समोरून चिमणाबाई ओरडल्या, "झुंबरभाऊ, बहिरे झालात का?" मी मान हलवली. झालो म्हटलं.

बऱ्याच वेळाने तेजल बाहेर आली. डोळे ओले होते, पण मान वर. वाढलेलं असणार, त्याशिवाय का. मी विचारलं नाही. ती बुटाच्या नाड्या बांधायला बसली, पुढच्या शनिवारी जायचंय तर पायात बसतात का बघते म्हणाली. मग मान वर न करताच विचारलं, "आबा, काही ऐकू आलं?"

"हो," म्हटलं. "कांदा थोडा चढलाय."